ओळंबा आणि अवधान



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. अवधान हा शब्द आपण कीर्तनात ऐकतो. बुवा उभे राहिले की प्रथम श्रोत्यांकडे अवधान मागतात. आत्मसंयम हा शब्द आपण प्रवचनात ऐकतो. पण हे दोन्ही शब्द गवंड्याच्या थापीशी, सुताराच्या रंध्याशी आणि सेंटरिंगच्या फळ्यांशी नेऊन जोडायचे, हा काय प्रकार, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. माझे म्हणणे असे की, ही जोड मी लावीत नाही. ती फार जुनी आहे. आपण ती विसरलो, आणि त्या विसरण्याची किंमत आपल्याला घरांच्या भिंतींतून मोजावी लागते.

हल्ली ‘माइंडफुलनेस’ हा शब्द फार कानावर येतो. 1979 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी मनाचा ताण कमी करण्यासाठी एक अभ्यासक्रम सुरू केला आणि तेथून हा शब्द जगभर गेला. मोठमोठ्या कंपन्यांत आता त्याचे वर्ग चालतात. गार हवेच्या खोलीत, गादीवर बसून, डोळे मिटून श्वास पाहायचा, असे त्याचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. परंतु या साधनेचे मूळ ज्या पाली सूत्रात आहे, त्या सतिपट्ठान सूत्रात श्वास कसा जाणावा हे सांगताना दृष्टान्त कोणाचा दिला आहे? ऋषीचा नाही, राजाचा नाही. तो आहे कातार्‍याचा, म्हणजे लाकूड चरकावर धरून कातणार्‍या कारागिराचा. कुशल कातारी लांब ओढ घेतो तेव्हा ती लांब आहे हे जाणतो, आखूड घेतो तेव्हा आखूड आहे हे जाणतो. भिक्षूने श्वास तसाच जाणावा, असा त्याचा भावार्थ. धम्मपदातही आत्मसंयमाचा विषय निघतो तेव्हा पाणी वळवणारा, बाण सरळ करणारा आणि लाकडाला आकार देणारा सुतार यांच्या पंक्तीला शहाणा माणूस बसवला आहे. ते आपापली वस्तू घडवतात, शहाणा स्वतःला घडवतो. धर्मानंद कोसंबींनी आपले आयुष्य वेचून हे बौद्ध वाङ्मय मराठी वाचकांच्या दाराशी आणले. ते वाचताना ध्यानात येते की, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ध्यान शिकवणारा गुरू उदाहरण शोधायला कारागिराच्या पडवीत गेला होता. पुढे आपण ध्यान तेवढे उचलले आणि कारागीर पडवीतच ठेवला.

तेव्हा आज आपण पडवीत जाऊ.

गवंड्याच्या पिशवीत हत्यारे थोडीच असतात. थापी, रंधा, गुण्या, दोरी, पाणसळ आणि ओळंबा. यांपैकी ओळंबा हे मला सर्वांत बोधप्रद हत्यार वाटते. दोरीच्या टोकाला एक वजन, एवढेच ते. त्याला वीज लागत नाही, त्याला भाषा नाही, त्याला मालकाची भीड नाही. पृथ्वी ज्या दिशेने ओढते ती दिशा तो दाखवतो. पण त्याची एक अट आहे. सोडल्याबरोबर तो हेलकावे खातो आणि हलणारा ओळंबा काहीच सांगत नाही. तो स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. वारा असेल तर आणखी थांबावे लागते. जो गवंडी त्या वेळी श्वास आवरून थांबतो, त्याची भिंत सरळ येते; जो हलत्या दोरीवरच अंदाज बांधतो, त्याची भिंत त्या अंदाजाप्रमाणे येते. ते काही क्षण थांबणे हेच अवधान. त्यासाठी डोळे मिटावे लागत नाहीत. उलट ते चांगले उघडे ठेवावे लागतात.

या थांबण्याने एवढे काय साधते, असे कोणी विचारील. साधा हिशेब करू. विटेचा एक थर मसाल्यासह सुमारे 100 मिलिमीटर उंच धरला तर दहा फूट भिंतीला सुमारे 30 थर होतात. प्रत्येक थर एकाच बाजूला फक्त 1 मिलिमीटर सरकला, तर माथ्यावर 30 मिलिमीटर, म्हणजे इंचाहून अधिक फरक पडतो. एक मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही. म्हणूनच कसबी गवंडी डोळ्यावर विसंबत नाही. तो काही थर चढले की पुन्हा ओळंबा सोडतो. वीस वर्षे काम केलेला माणूसही सोडतो. नवशिक्याला वाटते की, आता हात बसला, ओळंब्याची काय गरज? मुरलेल्या कारागिराला माहीत असते की हात बसला की मन उठून जाते, आणि नेमकी तेव्हाच गरज. प्रावीण्याची माझी व्याख्या एवढीच आहे: आपले मन केव्हा उठून जाते हे ज्याला कळले, तो प्रवीण.

लेखकाला खोडता येते. व्याख्यात्यालाही, मघाशी मी असे म्हणालो त्याऐवजी तसे समजा, अशी सवलत असते. दगडाला ती नाही. वेरूळचे कैलास लेणे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी त्याचे नाव जोडले जाते. सामान्य देऊळ पायापासून कळसाकडे चढत जाते. हे कळसाकडून पायाकडे उतरत आले. डोंगराच्या माथ्यापासून सुमारे शंभर फूट खोल खणत जायचे आणि जे उरेल ते मंदिर. येथे दगड जोडायचा नाही, केवळ काढायचा आहे. आणि काढलेला परत बसवता येत नाही. हत्तीची सोंड जेथे यायची आहे तेथला दगड चुकीच्या टाकीने उडाला, तर तेवढ्यापुरती सोंड गेलीच. त्या पाथरवटांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. परंतु त्यांच्या प्रत्येक घावामागे किती मन एकवटलेले असेल, याचा पुरावा तेथे उभा आहे. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा आपले लक्ष दगडाच्या सोसण्याकडे असते. घाव नेमका तेवढाच घालणार्‍या हाताकडेही पाहिले पाहिजे.

आता कोणी म्हणेल, ते दिवस गेले. आज काँक्रीटचे युग आहे, यंत्राने माल कालवला जातो, तेथे अवधानाचे काय काम? मला तर वाटते की, काँक्रीटने कारागिराच्या संयमाची परीक्षा अधिक कडक केली आहे. कारण दगडातली चूक दिसते, काँक्रीटमधली झाकली जाते.

पाण्याचीच गोष्ट घ्या. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी मिळून काँक्रीट होते हे सर्वांना माहीत आहे. घरगुती स्लॅबला नेहमी वापरतात त्या प्रतीच्या काँक्रीटसाठी, माल ठरावीक मापाने हाताशी घेऊन करायचा असेल तेव्हा, 50 किलोच्या एका पोत्यामागे सुमारे 30 लिटर पाणी, असे भारतीय मानकाने सांगितले आहे. एवढ्या पाण्यात माल जड राहतो. तो घमेल्यातून नीट सुटत नाही, शिगांच्या जाळीत सहज शिरत नाही, ठोकून ठोकून बसवावा लागतो. दुपारचे ऊन असते, खांदे भरून आलेले असतात, मुकादम घड्याळ पाहत असतो. अशा वेळी कोणीतरी आणखी एक बादली ओततो. माल लगेच पातळ होतो, सुरेख पसरतो, सगळ्यांचे श्रम वाचतात. परंतु सिमेंटला जेवढे लागते त्याहून जास्त झालेले पाणी पुढे वाळून जाते आणि आपल्या जागी बारीक बारीक पोकळ्या सोडून जाते. पाणी जसे वाढेल तशी ताकद घटते, हा नियम डफ एब्रम्स या संशोधकाने 1918 साली मांडला. त्याला शंभर वर्षे होऊन गेली. तरी ती बादली अजून ओतली जाते. अज्ञान हे तिचे कारण क्वचित असते. बहुधा ती थकव्यापोटी आणि घाईपोटी ओतली जाते. बादली उचललेला हात परत खाली आणणे, यालाच मी आत्मसंयम म्हणतो. त्याला साक्षीदार नसतो. स्लॅब वरून गुळगुळीतच दिसतो.

आणि गंमत अशी की, मिसळताना ज्या पाण्याला हात आखडायचा, तेच पाणी नंतर सढळ हाताने द्यायचे. काँक्रीट सुकून मजबूत होते असा पुष्कळांचा समज आहे. खरे म्हणजे ते ओलाव्यात मजबूत होते. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया पुढे दिवसेंदिवस चालू राहते. म्हणून साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या उन्हाळी हवेत किमान 10 दिवस ते ओले ठेवावे, असे मानक सांगते. हे काम अगदी कंटाळवाणे आहे. त्यात कौशल्य दिसत नाही, कोणी शाबासकी देत नाही, मध्ये सण येतो, रविवार येतो. आठव्या दिवशीही पहिल्या दिवसाइतक्याच मनाने पाणी मारणारा माणूस मला एखाद्या व्रतस्थासारखा वाटतो.

तथापि केवळ मन एकाग्र केले म्हणजे झाले, असे समजण्यात धोका आहे. मन कोठे एकाग्र करायचे, हे ज्ञानाने ठरते. 30 सप्टेंबर 1993 रोजी, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. तेथील जुन्या घरांच्या भिंती काही पातळ नव्हत्या. उलट चांगल्या हात-दोन हात जाड, दगडामातीच्या होत्या. पण तशा पुष्कळ भिंती खरे तर दोन भिंती होत्या: एक बाहेरच्या तोंडाची, एक आतल्या तोंडाची, आणि मध्ये चिपा व माती भरलेली. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड त्यांत घातलेला नव्हता. जमीन हलली तेव्हा दोन्ही तोंडे दोन बाजूंना फाकली आणि माळवदाची जड माती खाली आली. त्या गवंड्यांना दोष देणे सोपे आणि अन्यायाचे आहे. तो प्रदेश त्या वेळच्या नकाशातही भूकंपाचे भय सर्वांत कमी असलेल्या पट्ट्यात दाखवलेला होता. मग त्यांना कोणी सावध करावे? त्यांचे अवधान होते ते भिंतीच्या दर्शनी चेहर्‍यावर, कारण समाजाने त्यांच्याकडे तेवढेच मागितले होते. पुढे ज्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, त्यांना बळकटी देण्याचे जे उपाय सांगितले गेले, त्यांत भिंतीला आरपार भोक पाडून, त्यात सळई घालून काँक्रीट भरावे, असा एक उपाय होता. जो दगड पहिल्या दिवशी आत बसायला हवा होता, त्याची ही उशिरा केलेली भरपाई.

मी येथवर कारागिराच्या मनाविषयी बोललो. येथेच थांबलो, तर मी त्याच्यावर अन्याय केला असे होईल. कारण अवधानाचा उपदेश करणे फार सोयीचे असते. परांचीला कठडा नसतो, खाली जाळी नसते, कमरेला पट्टा नसतो. माणूस पडतो, आणि आपण म्हणतो, बिचार्‍याचे लक्ष नव्हते! लक्ष ही मनाची शक्ती आहे, आणि शरीराच्या शक्तीप्रमाणे ती संपते. सकाळी आठचा गवंडी आणि सायंकाळी सहाचा गवंडी हे लक्षाच्या दृष्टीने दोन वेगळे पुरुष असतात. कठडा अशासाठी असतो की, ज्या क्षणी लक्ष सुटेल त्या क्षणी प्राण सुटू नयेत. अवधान कठड्याच्या आत राहून मागायचे असते, कठड्याऐवजी नव्हे.

जपानचे उदाहरण येथे उपयोगी आहे. तेथे बांधकामावर सकाळी सगळे कामगार एकत्र जमतात, थोडा व्यायाम करतात आणि आज कोणते काम आहे, त्यात धोका कोठे आहे, हे एकमेकांना बोलून दाखवतात. काम करतानाही महत्त्वाच्या ठिकाणी बोट दाखवून मोठ्याने म्हणायचे: हे तपासले, ठीक आहे. ही पद्धत तेथील रेल्वेत सुरू झाली आणि पुढे कारखान्यांत व बांधकामांवर पसरली. पाहणार्‍याला ती पोरखेळ वाटते. पण 1990 च्या दशकात तेथील रेल्वे संशोधन संस्थेने केलेल्या चाचणीत, बोट दाखवून मोठ्याने बोलल्यामुळे साध्या कामातील चुका सुमारे एकषष्ठांशावर आल्या. डोळा, हात आणि वाणी एकाच जागी आणली की मनाला दुसरीकडे जायला वाट राहत नाही. आपल्याकडे जपात हेच करतात. ओठ, बोटे आणि मणी. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, त्या सकाळच्या वेळेची मजुरी कामगाराच्या खिशातून जात नाही. तेथे अवधान ही कामाची व्यवस्था आहे, कामगाराच्या स्वभावावर सोडलेली कृपा नव्हे.

आपल्याकडे काय आहे? काम गुत्त्याने दिले जाते. जितके चौरस फूट, तितके पैसे. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली जाते, आणि दर कमी करताना सर्वांत आधी वेळ कापला जातो. ओळंबा स्थिर होईपर्यंत थांबायला जो वेळ लागतो, त्याचा रकाना कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो. 2013 साली ठाणे जिल्ह्यात शिळफाट्याजवळ एक अनधिकृत इमारत काम चालू असतानाच कोसळली आणि 74 माणसे मृत्यू पावली; त्यांत मुलेही होती. थोडक्या अवधीत मजल्यावर मजला चढवण्याची ती घाई एका गवंड्याची नव्हती. एका गवंड्याच्या ध्यानधारणेने ती थांबलीही नसती.

आणखी एक गोष्ट. परांचीवर डोक्यावर घमेले घेऊन चढणारी बाई आपण रोज पाहतो. तिचे तान्हे मूल वाळूच्या ढिगाशी, साडीच्या झोळीत असते. तिचे लक्ष पायाखालच्या फळीवर कसे राहावे? ते झोळीतच असणार आणि असायलाच हवे. 1969 साली दिल्लीत राजघाटाजवळ गांधीजींच्या जन्मशताब्दीचे बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांनी अशी मुले पाहिली आणि कामाच्या जागीच एक पाळणाघर उघडले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था निघाली. पुढे मुंबई-पुण्यातही हे काम आले. 1996 च्या बांधकाम कामगारांच्या कायद्याने, 50 हून अधिक स्त्रिया जेथे काम करतात तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली असावी, असे बंधन घातले. आपण त्याला कल्याणकार्य म्हणतो. माझ्या मते ते बांधकामशास्त्रही आहे. मूल सुरक्षित असले की आईचे मन फळीवर येते. आणि जाता जाता हेही विचारावेसे वाटते की, तीस तीस वर्षे माल वाहणार्‍या या बाईच्या हाती थापी का येत नाही? माल किती ओला आहे हे तिला इतक्या वर्षांत नुसत्या वजनावरून कळू लागलेले असते. ते ज्ञान आपण बिगारी या एका शब्दाखाली गाडून टाकतो.

याचे मूळ आपल्या समाजरचनेत आहे. गवंडी, पाथरवट, बेलदार, वडार यांना आपण जातीच्या उतरंडीत खाली बसवले, आणि बुद्धी व हात यांची फारकत केली. ज्याच्या हाती पोथी होती त्याने भिंत बांधली नाही, आणि ज्याने भिंत बांधली त्याच्या हाती पोथी दिली नाही. त्यामुळे अवधानाची चर्चा एकीकडे आणि अवधानाचा अभ्यास दुसरीकडे, अशी आपली स्थिती झाली. याला अपवाद आहेत. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर, गड बांधणार्‍या हिरोजीचे नाव आणि तो सेवेला तत्पर असल्याचा उल्लेख कोरलेला आहे. शिखरावर नाही, पायरीवर आहे. ती पायरी पाहून आपला ऊर भरून येतो. पण आपल्या राहत्या घराची पायरी कोणी घडवली, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

म्हणून आपणा नागरिकांना माझी विनंती आहे. आपल्यापैकी कोणी घर बांधील, कोणी सदनिका विकत घेईल. आपण फरशीचा रंग पाहतो, नळाच्या तोट्या पाहतो, खिडकीतून काय दिसते ते पाहतो. यापुढे जे दिसणार नाही त्याची चौकशी करा. स्लॅबला किती दिवस पाणी मारले ते विचारा. माल मापाने कालवला की अंदाजाने, ते विचारा. परांचीला कठडा आहे का, हे तर रस्त्यावरून जाणार्‍यालाही दिसते. दिसले नाही तर तेही विचारा. काम चालू असताना गवंड्याच्या मागे उभे राहून घाई करू नका. त्या घाईचे पैसे पुढे तुम्हीच गळतीच्या रूपाने भरणार आहात. दर ठरवताना जो कमी पैसे सांगतो तो नेमके काय वगळणार आहे, हे समजून घ्या. आणि वास्तुशांतीच्या दिवशी ज्यांच्या हातांनी घर उभे राहिले, त्यांना पंक्तीत शेवटी नव्हे, आपल्या शेजारी बसवा. त्यांची नावे विचारा.

कारागिराने मनावर ताबा ठेवावा, ही अपेक्षा रास्त आहे. पण त्याच्या मनाला स्थिर होण्याइतका वेळ, पोटाला पुरेल इतका दाम आणि पायाखाली पक्की फळी देणे हे आपल्या हातात आहे. ओळंब्याला वार्‍यात धरून तो हलतो म्हणून रागावण्यात अर्थ नाही.

माझे बोलणे थोडे रूक्ष झाले असेल. विटामातीचा विषय असल्याने तेवढे चालवून घ्यावे.